ढकलायला जागा उरली नाही

आज १ मे. शिवाजी पार्कवर संचलन होईल, हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातील, कामगार संघटनांच्या उरल्यासुरल्या कचेऱ्यांवर लाल बावटा चढेल. महाराष्ट्र राज्याला ६६ वर्षे पूर्ण होत आहेत. राज्याचा वाढदिवस आणि कामगार दिन एकाच तारखेला येत असल्याने दोन्हींवर मिळून एकच भाषण उरकण्याची सोय पुढाऱ्यांना लाभली आहे. या तारखेला आणखी एक वाढदिवस असतो. त्याची आठवण अंधेरीबाहेर फारशी कोणी काढत नाही. १ मे १९७३ रोजी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सीप्झची स्थापना झाली. कांडल्यानंतरचे हे देशातले दुसरे निर्यात क्षेत्र. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवायच्या आणि त्या परदेशी पाठवायच्या, एवढ्याच कामासाठी ते काढले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांना परवानगी मिळाली, सॉफ्टवेअर कंपन्याही वाढल्या, आणि आता मेट्रोच्या स्थानकालाही सीप्झचेच नाव लागले आहे. राज्य, कामगार आणि परदेशी गिऱ्हाईक या तिघांची गाठ जेथे रोज पडते, असे हे ठिकाण आहे. उपनगरांतल्या उद्योगाचे पुढे काय, या प्रश्नाचा विचार आज करायचा तर तो येथूनच सुरू करावा.

सीप्झमध्ये घडणारे जडावाचे दागिने प्रामुख्याने अमेरिकेच्या बाजारात जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा त्याची झळ सर्वांत आधी ज्यांना बसणार होती, त्यांत मरोळचे कारागीर होते. हा धक्का राजकारणाचा असल्यामुळे सर्वांना दिसला. त्याच्या दीड वर्ष आधीचा धक्का मात्र व्यापाराबाहेर फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. युक्रेनच्या युद्धानंतर जी-७ देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन खाणींतल्या हिऱ्यांना दार बंद केले. मार्चपासून तर ते हिरे तिसऱ्या देशात पैलू पाडून आले तरी घ्यायचे नाहीत, असे ठरले. जगातले सुमारे तीस टक्के कच्चे हिरे रशियातून येतात. त्यामुळे हातातला खडा कुठल्या खाणीतला, याचा कागद सुरतच्या घंटीपासून अंधेरीच्या सेटिंगच्या टेबलापर्यंत त्याच्याबरोबर फिरू लागला. पूर्वी गिऱ्हाईक वजन, कॅरट आणि घडणावळ विचारत असे. आता त्याने पाठवलेला ऑडिटर सोने कुठून आले हे विचारतो, कारागिराचे वय पाहतो, तो किती तास बसतो याची नोंद तपासतो आणि आम्लाच्या वाफा बाहेर काढणारा पंखा खरोखर चालतो का, हेही बघतो.

हिऱ्याचे जे झाले तेच आता लोखंडाचे होत आहे. युरोपीय संघाने कार्बनची सीमा-आकारणी १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ नोंदीपुरती सुरू केली होती. १ जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष पैशांत आली आहे. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या जोडीने पोलादाचे साधे नट-बोल्टही तिच्या यादीत आहेत. ते पोलाद कुठल्या भट्टीतून निघाले आणि वितळवताना किती कार्बन हवेत गेला, हा हिशेब मालाबरोबर द्यावा लागतो. हिशेब देता आला नाही, तर युरोपने ठरवलेला, साधारणतः चढा, आकडा गृहीत धरला जातो. देशातही सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. मोठी कंपनी असा अहवाल लिहायला बसते, तेव्हा तिचे प्रश्न तिला सुटे भाग पुरवणाऱ्या गाळ्यापर्यंत येऊन पोहोचतात. साकीनाक्यावर दोन लेथ आणि एक ड्रिल घेऊन बसलेल्या माणसाने महिन्याला किती युनिट वीज जाळली, हे युरोपातल्या कोणाला तरी हवे असेल, अशी कल्पना दहा वर्षांपूर्वी कोणी केली नसती.

या दबावाच्या मुळाशी दरवेळी कार्बनच असतो असे नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले होते. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या कपड्यांच्या मोठ्या नाममुद्रांना, आपला माल कुठल्या छताखाली शिवला जातो ते ठाऊक नव्हते, असे म्हणून हात झटकणे अवघड झाले. मुलुंडकरांना तर याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. टाल्कच्या बेबी पावडरवरून अमेरिकेत हजारो दावे उभे राहिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ही पावडर जगभर बंद करून मक्याच्या पिठाची आणायची, असे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा पावडरीचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला, म्हणजे कायद्याच्या लढाईत कंपनी जिंकली. पण पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत असलेला तो डबा बदलला तो लोकांच्या भीतीने आणि परदेशातल्या दाव्यांनी.

अशा दबावांना तोंड देण्याची आपली एक जुनी रीत आहे. आलेला प्रश्न पुढे ढकलायचा. उपनगरांचा गेल्या पन्नास वर्षांचा औद्योगिक इतिहास हा बराचसा या ढकलण्याचाच इतिहास आहे.

गिरणगावावर मराठीत कथा-कादंबऱ्या, नाटके, चित्रपट, प्रबंध सगळे झाले. लालबहादूर शास्त्री मार्गावर त्याच्या दशांशानेही लिहिले गेले नाही. कुर्ल्यापासून घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडूप असे करत मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत त्या एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारी, टायर, पंखे, कपाटे, रंग, औषधे आणि यंत्रांचे भाग बनत. पश्चिमेला पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना, गोरेगावचे नायलॉन, कांदिवलीच्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टर, बोरिवलीत दत्तपाडा रस्त्याजवळची टाटांची तार. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत कामगार पुढारी झाले, ते तिथल्या दगडखाणींतल्या मजुरांच्या प्रश्नांतून. गिरण्यांच्या संपाने त्यांचे नाव देशभर झाले, पण त्यांची घडण उपनगरातली आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली तीही पवईत, उपनगरातच.

या कारखान्यांवर पहिला मोठा दबाव धुराचा आणि गर्दीचा आला. मुंबईत नवे मोठे उद्योग नकोत, असे धोरण १९७०च्या दशकात ठरले आणि ते चूक म्हणता येणार नाही. चेंबूरकरांनी गॅसचा वास आणि धूर वर्षानुवर्षे सोसला आहे. माहुलच्या रहिवाशांना शुद्ध हवेसाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने तेथील चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. कारखान्याच्या भोंग्याच्या आठवणींनी ज्यांना गहिवरून येते, त्यांनी त्या चिमणीच्या सावलीत राहणाऱ्यांना एकदा विचारून पाहावे. प्रश्न खरा होता. त्याला दिलेले उत्तर खोटे होते. आपण धुराचे काहीच केले नाही, तो तारापूरला, पाताळगंगेला, रोह्याला, महाडला आणि लोट्याला पाठवला. तारापूरच्या सांडपाण्याने तिथल्या मच्छीमारांना पुढे त्याच हरित लवादाकडे जावे लागले. दाभोळच्या खाडीत मासे मरून तरंगले की लोटे-परशुरामचे नाव वर्तमानपत्रांत येते. मुंबईची हवा जितकी सुधारली असेल, तिची किंमत कोकणाने मोजली.

धुरामागोमाग जमीनही गेली. पार्ल्याचा १९२९चा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये थांबला. बोरिवलीची तारेची जागा २०१४ मध्ये १,१५५ कोटी रुपयांना विकली गेली आणि तेथे उंच मनोरे व मॉल उभे राहिले. गोरेगावच्या नायलॉनच्या आवारात परदेशी बँकांची कार्यालये आली, कुर्ल्याला प्रीमियर मोटारींच्या जागेवर वसाहत झाली. यातला प्रत्येक सौदा कायदेशीर होता आणि हिशेबाने शहाणपणाचा होता. ज्या शहरात जमिनीचा भाव तिच्यावर बनणाऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा वेगाने चढतो, तिथे कारखाना चालवणे हा मालकाला तोट्याचा हट्ट वाटू लागतो. कामगाराची मुलगी तिथेच उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये कामाला लागली असेल, पण वडिलांना होता तसा भविष्यनिर्वाह निधी, कॅन्टीन आणि पगारवाढीचा करार तिला मिळालाच असेल, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तो कामगार स्वतः नालासोपारा, बदलापूर, टिटवाळ्याला राहायला गेला. त्याच्या रोजच्या तीन-चार तासांच्या प्रवासाची नोंद मात्र कुठल्याच ताळेबंदात झाली नाही.

ढकलण्याची ही रीत काही आपल्या एकट्याची नाही, सारे श्रीमंत जग तेच करत आले आहे. इटलीत व्हिचेंझाजवळ मितेनी नावाचा रासायनिक कारखाना होता. तिथल्या रसायनांनी आसपासच्या लाखो लोकांचे पिण्याचे पाणी नासले. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५ मध्ये इटलीच्या न्यायालयाने त्याच्या माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. दरम्यान त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून विकली गेली होती. ती आली कुठे, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामला. मुंबईने ज्या गावाला आपले परसदार केले, तेच युरोपलाही परसदार म्हणून सापडले. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

ढकलण्याचा हा मार्ग आता बंद होत चालला आहे. पूर्वीचा दबाव जागेवर होता. शेजारी तक्रार करत, महापालिका नोटीस देई, कारखाना जिल्हा ओलांडून गेला की प्रश्न मिटे. आजचा दबाव मालाला चिकटून प्रवास करतो. तार बोरिवलीत ओढा, तारापूरला ओढा की नागपूरला, तिच्यातला कार्बन युरोपच्या बंदरावर मोजला जाणारच. हिरा कोणत्याही पेठेत फिरवून आणा, त्याची खाण बदलत नाही. वरून निसर्गाचा दबाव आहे, त्याला तर जिल्हा आणि देश दोन्ही सारखेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना असे वळसे घेत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावरचे गाळे वर्षानुवर्षे तिच्यात तेल, रंग, पिंपांचे धुवण आणि भंगार सोडत आले होते आणि तिच्या पात्रावर भराव पडला होता. त्या दिवशी नदीने ते सगळे घरांत आणि गाळ्यांत परत आणून टाकले. झोपडीतला संसार गेला, तसा कारखानदाराचा मालही गेला. उद्योग आणि पर्यावरण हे दोन वेगळे पक्ष आहेत असे मानणाऱ्यांना ती रात्र पुरेशी व्हायला हवी होती.

तशी ती झाली नाही. मुलुंड, भांडूप, कांजूरची मिठागरे हा या भागातला सर्वांत जुना उद्योग, आणि भरतीचे व पावसाचे पाणी पोटात घेणारी मोकळी जागाही तीच. त्यातली २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. धारावीतल्या माणसाला घर हवेच, याबद्दल दुमत नाही. पण धारावी नुसती वस्ती नाही. ती चामड्याची, कुंभारकामाची, प्लॅस्टिक निवडण्याची आणि शिवणकामाची पेठ आहे. माणूस मुलुंडला आणि त्याचे काम धारावीत, किंवा कुठेच नाही, अशी वाटणी झाली तर एका निर्णयात आपण पाणीही ढकलले, माणूसही ढकलला आणि उद्योगही. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले. देशाचे ध्येय २०७०चे आहे, मुंबई वीस वर्षे पुढे धावू पाहते. त्याच आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनातला ७२ टक्के वाटा इमारती आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा आहे. चिमण्या गेल्या म्हणून हिशेब मिटला नाही. कारखान्याच्या जागी आलेले काचेचे कार्यालय आणि चांदिवलीतले डेटा सेंटर यांनाही रात्रंदिवस वीज लागते, आणि ती वीज कुठेतरी कोळसा जाळूनच मोठ्या प्रमाणात तयार होते.

क्षितिजाकडे ढकलता येईनासे झाले की माणूस प्रश्न खाली ढकलतो. आज नेमके तेच चालले आहे. परदेशी खरेदीदार नियमावली पाठवतो आणि भाव कमी करतो. निर्यातदार ती नियमावली जॉबवर्क करणाऱ्याला देतो आणि त्याचाही भाव पाडतो. जॉबवर्कवाला ती कंत्राटदाराच्या हाती ठेवतो, आणि शेवटी तिचा सगळा भार पडतो तो रोजंदारीवरच्या माणसावर. मोठ्या कारखान्याच्या फाटकात ऑडिट होते, हातमोजे वाटले जातात, हजेरीपट चोख असतो. पण तोच माल अर्धवट अवस्थेत ज्या पोटमाळ्यावर जातो, त्याच्या जिन्यात ऑडिटर चढत नाही. साकीनाक्याच्या खैराणी रस्त्यावर १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे फरसाणाच्या एका कारखान्याला आग लागली आणि १२ कामगार मेले. पुढच्याच वर्षी, १७ डिसेंबर २०१८ रोजी, मरोळच्या राज्य विमा योजनेच्या कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे बळी गेले. जेथे कामगार राबतो तो गाळा आणि जेथे तो उपचाराला जातो ते रुग्णालय, दोन्ही एकाच परिसरात, एका वर्षाच्या अंतराने जळाले. राणा प्लाझाची चर्चा करायला ढाक्याला जावे लागत नाही.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाचे तास दिवसाला ९ वरून १२ करण्यास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विरले. गुंतवणूक यावी, कारखानदाराला लवचिकता मिळावी, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जास्तीच्या तासांना कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सरकारने सांगितले आहे. पण पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाची संमती किती खुषीची असते, हे अंधेरीच्या कुठल्याही मुकादमाला विचारावे. उन्हाळे तापत असताना तास वाढवायचे, आणि परदेशी गिऱ्हाईक तासांचीच चौकशी करत असताना वाढवायचे, यात माणुसकीचा प्रश्न आहेच, धंद्याचाही आहे. बारा तासांच्या हजेरीपटावर जो कारखाना आज दोन पैसे वाचवील, तो उद्या त्याच हजेरीपटामुळे ऑर्डर घालवील.

खाली ढकलण्याचे सर्वांत ताजे उदाहरण आपल्या रोजच्या पावाचे आहे. हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला, की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे. आदेश योग्यच आहे. जुन्या फर्निचरचे रंग लावलेले लाकूड जाळून निघणारा धूर भट्टीच्या वरच्या माळ्यावर झोपणारे मूलच आधी घेते. पण भट्टी बदलायची म्हणजे नवा ओव्हन, गॅसची जोडणी, विजेचा वाढीव भार, आणि अनेकदा गाळ्याची फेरबांधणी. हे भांडवल भाड्याच्या गाळ्यात चार कारागिरांनिशी पाव भाजणाऱ्याने आणायचे कुठून, याचे उत्तर आदेशाइतक्या तत्परतेने शासनाने दिले नाही. मोठ्या कंपनीला हरित कर्ज मिळते, तिच्या वार्षिक अहवालात झाडांची छायाचित्रे छापली जातात. पाववाल्याच्या वाट्याला नोटीस येते. ज्याचे प्रदूषण लहान आणि ऐपत त्याहून लहान, त्यालाच मुदत सर्वांत कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. हा सगळा हिरवा आणि नैतिक कारभार म्हणजे श्रीमंत देशांनी आपल्या कारखान्यांभोवती घातलेले कुंपण आहे, असे उद्योजक म्हणतात, आणि केंद्र सरकारनेही युरोपच्या कार्बन-आकारणीवर आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर हरकत घेतली आहे. दोनशे वर्षे कोळसा जाळून जे श्रीमंत झाले, त्यांनी आता कोळशाचे बिल मरोळच्या गाळ्याला पाठवावे, हा ढोंगीपणा आहे यात शंका नाही. त्याविरुद्ध दिल्लीने भांडावे, जोरात भांडावे. पण मिठीत सोडलेले तेल युरोपचे नव्हते. खैराणी रस्त्यावर मेलेली माणसे ब्रसेल्सच्या यादीत नव्हती, ती आपली होती. परक्याने हेतू वाईट ठेवून विचारलेला प्रश्न आपल्या हिताचा असू शकतो. त्याचे उत्तर त्याच्यासाठी द्यायचे नसेल तर आपल्यासाठी द्यावे.

उत्तर देता येते, याचे पुरावेही याच उपनगरांत आहेत. विक्रोळीला गोदरेजांनी १९४०च्या दशकात कारखान्यांची वसाहत उभारायला घेतली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या मतपेट्या तेथे बनल्या. त्याच आवारात कामगारांची घरे बांधली गेली, शाळा झाली, आणि ठाण्याच्या खाडीकाठचे विस्तीर्ण कांदळवन राखले गेले. तेथेही संप झाले, कटुता आली, आणि आता तिथेही गृहसंकुले उभी राहत आहेत, त्यामुळे त्याला आदर्श म्हणून डोक्यावर घ्यायचे कारण नाही. पण कारखाना, कामगाराचे घर आणि खारफुटी एका कुंपणात दशकानुदशके नांदू शकतात, एवढे त्यातून सिद्ध होते. दुसरे उदाहरण सीप्झचेच. तेथे मार्च २०२४ मध्ये ‘भारत रत्नम्’ हे सामाईक सुविधा केंद्र सुरू झाले. लहान कारखानदाराला एकट्याने परवडणार नाहीत अशी महागडी यंत्रे आणि प्रशिक्षण यांची सोय सर्वांसाठी एका छताखाली करायची, ही त्यामागची कल्पना. फाटकाच्या आत जे सुचले, ते फाटकाबाहेर का सुचू नये?

आमच्या मते आजच्या दिवशी सरकारकडे, महापालिकेकडे आणि उद्योजकांकडे मागायच्या गोष्टी मोजक्या आणि रोकड्या आहेत. मरोळ, साकीनाका, कांदिवली, भांडूप, मुलुंड येथील गाळ्यांसाठी सामाईक सुविधा उभाराव्यात. धातूला मुलामा देण्याचे काम, आम्लाचे धुवण आणि पिंपांची सफाई ही कामे दोनशे ठिकाणी चोरून करण्यापेक्षा एका ठिकाणी, सांडपाणी प्रक्रियेसह झाली पाहिजेत. विजेचा आणि कार्बनचा हिशेब लिहून देणारी, मराठी-हिंदीत बोलणारी माणसे एमआयडीसीने आणि कारखानदारांच्या संघटनांनी नेमावीत, नाहीतर त्या हिशेबाचे पैसे सल्लागार खातील आणि कागदी घोडे नाचत राहतील. पाववाल्यासारख्या छोट्या धंद्यांना नोटिशीच्या जोडीने बिनव्याजी कर्ज आणि गॅसची जोडणी मिळावी. उपनगरांत उद्योगासाठी राखलेली जी जमीन उरली आहे, तिचा वापर बदलण्याची परवानगी देताना तिथल्या रोजगाराचे काय होणार, हे आधी लिहून घ्यावे. आणि मोठ्या कंपनीने आपल्या अहवालात ज्या पुरवठादारांची नावे घेऊन शाबासकी मिळवली, त्यांच्या गाळ्यातली आग, अपघात आणि थकलेला पगार यांचीही जबाबदारी कायद्याने तिच्यावर असावी.

कामगार संघटनांनाही एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी ऑडिटर हा मालकाचा पाहुणा आहे असे मानून त्याच्याकडे पाठ फिरवण्याचे दिवस गेले. हजेरीपट, सुरक्षेची साधने, कामाचे तास यांच्याबद्दल त्याला खरे काय ते सांगणारा कामगार प्रतिनिधी त्या खोलीत हवा. पूर्वी कारखान्याच्या फाटकावर सभा घेऊन मालकावर दबाव आणता येई. आज माल जेथे विकला जातो, तेथपर्यंत आवाज पोहोचवण्याची सोय नकळत हाती आली आहे, ती वापरायला शिकले पाहिजे. पर्यावरणवाल्यांनीही कारखाना बंद पडला म्हणजे लढाई जिंकली, असे मानणे सोडावे. बंद पडलेला कारखाना लोट्याला पुन्हा सुरू होत असेल, तर जिंकले कोण?

उपनगरांनी या शहराला साठ-सत्तर वर्षे वस्तू बनवून दिल्या, त्या वस्तूंबरोबर आलेला धूर सोसला आणि शेवटी त्या जागेवर चढलेल्या जमिनीच्या भावाचा मोह त्यांना आवरता आला नाही. आता उरलेला उद्योग टिकवायचा असेल, तर तो स्वच्छ करूनच टिकेल आणि त्यात राबणाऱ्या माणसाला माणसासारखे ठेवूनच टिकेल. हे सद्भावनेचे बोल नाहीत, बाजाराची अट आहे. धूर कोकणात, कामगार बदलापुरात आणि खर्च कारागिराच्या माथी, अशी सोय लावून ज्यांनी आजवर दिवस काढले, त्यांना ती सोय यापुढे मिळणार नाही. प्रश्न जेथे उभा आहे तेथेच, मरोळच्या आणि मुलुंडच्या गाळ्यांतच सोडवावा लागेल, आणि त्याचा खर्च ज्याला परवडतो त्यानेच आधी उचलावा लागेल. राज्यकर्त्यांनी आजच्या भाषणात एवढे एक वाक्य घातले आणि येत्या अर्थसंकल्पात त्याच्यापुढे रक्कम लिहिली, तरी १ मे साजरा झाला असे म्हणता येईल.